गोल्फचा राउंड चालत खेळता? मग हलकी स्टँड बॅग घेताना हे बघा

अकराव्या होलला चढावर थांबलो होतो आणि उजवा खांदा असा काही भरून आला होता की पुढचा शॉट कुठे जातोय याच्याशी मला काही घेणंदेणंच उरलं नव्हतं, फक्त ती बॅग एकदाची खाली ठेवायची होती. बॅग नवीकोरी, दिसायला एकदम झकास, चौदा कप्प्यांचं तोंड, नऊ खिसे, आणि खरं सांगायचं तर मी ती निव्वळ रंग बघून घेतली होती. घरी आल्यावर वैतागून सगळी बॅग जमिनीवर उलटी केली. एकोणीस बॉल निघाले. एकोणीस! वर मोठी छत्री, घडी करून कोंबलेलं रेन जॅकेट, दीड लिटर पाणी, दोन टॉवेल, वाळून लाकडासारखे कडक झालेले तीन ग्लोव्ह, मूठभर मोडक्या टी (बॉल टेकवायच्या छोट्या खुंट्या), आणि एक टॉर्च, जी मी तिथे का ठेवली होती ते मला आजतागायत आठवलेलं नाही.

मग प्रवासाची बॅग लटकवून वजन करायचा छोटा काटा असतो ना, तो काढला. भरलेली बॅग १२ किलो ९०० ग्रॅम. त्यातले क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, ५.८ किलो, रिकामी बॅग २.९ किलो, आणि उरलेले ४.२ किलो म्हणजे माझा पसारा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, बॅगेला शिव्या घालत होतो आणि बॅगेपेक्षा तिच्यातला कचराच जास्त भरला.

म्हणून नवी बॅग शोधायला लागायच्या आधी पहिलं काम हे करा, आत्ता जी बॅग आहे ती भरलेली तोला, मग रिकामी करून तोला, मग क्लब वेगळे तोला. दहा मिनिटांचं काम आहे. कारण ‘अल्ट्रालाइट’ नावाच्या बॅगेत आणि साध्या हलक्या स्टँड बॅगेत (पाय जोडलेली, टेकवली की उभी राहणारी) फरक असतो पाऊण-एक किलोचा, आणि तेवढं तर दोन-चार फालतू गोष्टी काढल्या की फुकटात कमी होतं.

थोडा हिशोब सांगतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, साधारण ३०० ग्रॅमच्या थोडा वर असतो, स्टीलच्या शाफ्टचं (दांड्याचं) आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, ४०० ते ४५० ग्रॅम, जवळच्या उंच शॉटचा वेज त्याहून जरा जड, आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल ढकलायचा पटर अर्धा किलोच्या आसपास. सगळं मिळून १४ क्लबचं वजन साडेपाच-सहा किलो होतंच, ते काही बॅग बदलून कमी होणार नाही. आता १४ ही नियमाने ठरलेली कमाल मर्यादा आहे, त्याच्या वर एक जरी क्लब सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) होलमागे दोन स्ट्रोकचा दंड, राउंडला जास्तीत जास्त चार. पण १४ न्यायलाच पाहिजेत असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि चालणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं, कारण जो क्लब गेल्या पाच राउंडमध्ये एकदाही बाहेर आला नाही तो तुम्ही नुसता फिरवून आणताय. बॉलचं पण तसंच, एक बॉल नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे डझन झाले की अर्धा किलोच्या वर गेलं. पाणी लिटरला किलो. हे सगळं तुम्ही वाहणार किती, तर १८ होलचा कोर्स कार्डावर सहा किलोमीटरच्या आगेमागे दिसतो, पण एका ग्रीनवरून पुढच्या टीला, म्हणजे पुढचा होल सुरू करायच्या जागेला, जाणं आणि रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) बॉल शोधत फिरणं धरलं तर आठ-दहा किलोमीटर सहज होतात, चार-पाच तासांत.

आता बॅगा. ढोबळमानाने बघितलं तर दीड किलोच्या आतल्या अगदी बारीक बॅगा असतात, बहुतेक अर्ध्या सेटसाठी, काहींना तर स्टँडच नसतो. मग दीड ते सव्वादोन-अडीच किलोपर्यंतच्या हलक्या स्टँड बॅगा, चालणाऱ्यांसाठी खरा माल इथेच आहे. अडीच ते तीन किलोच्या स्टँड बॅगा म्हणजे चालायलाही बघू आणि ट्रॉलीवरही टाकू असा मधला कारभार. त्याच्या वर गाडीवर ठेवायच्या कार्ट बॅगा, त्या खांद्यावर घ्यायच्या नादाला लागू नका. लेबलवर किंवा वेबसाइटवर वजन वाचताना एक विचारा, हे पट्टा आणि पावसाचं हूड धरून आहे की सोडून, कारण मोजायची पद्धत सगळ्यांची एकच असेल असं धरून चालू नका.

स्टँड नसलेली बॅग आणखी हलकी मिळते मग तीच का घेऊ नये, असं मलाही वाटलं होतं. तर बोटांवर मोजा. समजा तुम्ही १८ होलला नव्वद फटके मारता आणि त्यातले छत्तीस पट, म्हणजे ग्रीनवर पटरने ढकललेले, तर उरलेले चोपन्न शॉट म्हणजे चोपन्न वेळा बॅग खाली ठेवायची आणि उचलायची, वर प्रत्येक ग्रीनजवळ एकदा, म्हणजे सत्तरच्या आसपास गेलं. स्टँड नसेल तर तेवढ्या वेळा कमरेत वाकून जमिनीवरून उचला, दव असेल तर ओली बॅग पाठीला लावा. चारशे-पाचशे ग्रॅम वाचवायला सत्तर उठाबशा, नको रे बाबा. सन माउंटन कंपनीने १९८६ साली पाय जोडलेली बॅग बाजारात आणली, त्याआधी लोक कसे खेळत असतील देव जाणे, बहुतेक कॅडीच्या, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या, जिवावर.

पट्ट्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्या मते अर्धी बॅग म्हणजे पट्टाच, आणि दुकानात लोक सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतात. अडीच किलोची बॅग चांगल्या पट्ट्यावर हलकी लागते आणि पावणेदोन किलोची बॅग वाईट पट्ट्यावर जीव काढते, हे मी दोन्ही वापरून सांगतोय. दुहेरी पट्टा म्हणजे शाळेच्या दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा, पूर्ण सेट घेऊन १८ होल चालणार असाल तर हाच घ्या. एकेरी पट्टा पटकन अडकवता येतो, आठ-नऊ क्लब घेऊन नऊ होल फिरायला मस्त, पण त्याच्यावर पूर्ण सेट टाकला की एका बाजूला कललेलं चालणं सुरू होतं आणि मग पाठ, मान, सगळंच.

दुहेरी पट्टा तपासायचा कसा ते सांगतो, आणि यासाठी स्वतःचे क्लब दुकानात घेऊन जा, लाजू नका, रिकामी बॅग खांद्यावर टाकून काहीही कळत नाही, रिकामी सगळीच छान वाटते. क्लब भरा, बॉल भरा, पाण्याची भरलेली बाटली घाला. आधी एक पट्टा उजव्या खांद्यावर घ्या आणि डावा हात मागे नेऊन दुसरा पट्टा न बघता सापडतो का बघा. सापडला पण पिळा पडला असेल, किंवा कोपर अडकून अंग वेडंवाकडं करावं लागत असेल, तर हेच तुम्हाला सत्तर वेळा करायचंय हे मनात आणा. मग दोन्ही हात सोडून उभे राहा. बॅग कमरेवर आडवी बसायला पाहिजे, क्लबची डोकी किंचित वर. तोंडाकडून खाली झुकली तर चालताना क्लब खडखडणार आणि वाकलात की एखादा सटकून बाहेर, बुडाकडून फार खाली गेली तर पावलागणिक पोटरीला धक्के बसणार. पट्टे लहानमोठे करून बघा, चार ठिकाणी अडकवलेला पट्टा असेल तर हा तोल साधता येतो. सगळं करून पण नाही बसली तर ती बॅग तुमच्यासाठी नाही, मग ती कुणीही वापरत असो.

आणि तशीच घालून दुकानात दहा मिनिटं हिंडा. दुकानदार बघेल, बघू दे. गादी कितीही जाड दिसली तरी रुंद आहे का ते महत्त्वाचं, अरुंद जाड गादी खांद्यात रुतते. पाठीला टेकतो तिथे जाळीची उशी असेल तर घाम जरा सुकतो, नसेल तर चौथ्या होलपर्यंत शर्ट चिकटतो. उंची कमी असणाऱ्यांनी बॅगेची लांबी विशेष बघा, एकाच वजनाच्या दोन बॅगांत लांबीचा फरक असतो, लांब बॅग बुटक्या माणसाच्या मांडीला मागून टोचत राहते. डावखुऱ्यांनी, किंवा सवयीने डाव्या खांद्यावर बॅग घेणाऱ्यांनी, पट्टा उलटा लावता येतो का आणि तसा लावल्यावर खिसे बाहेरच्या बाजूला राहतात का हे विचारूनच घ्या, नाहीतर झिप पाठीला घासत बसेल.

मग स्टँड. यंत्रणा साधी असते, बॅग टेकवून पुढे कलवली की बूड दुमडतं आणि त्याला जोडलेली सळई किंवा तार वरचे दोन पाय बाहेर ढकलते, उचलली की पाय परत मिटतात. बिघडतं ते नेहमी याच जागी, सळई वाकते, सांध्याचा स्क्रू ढिला होतो, नाहीतर बुडाच्या दुमडणाऱ्या भागात माती बसते. त्यामुळे दुकानात भरलेली बॅग आठ-दहा वेळा तरी टेकवा-उचला. एकदा हळू, एकदा खेळताना टेकवतो तशी बेफिकीर. दोन्ही पाय एकदम बाहेर यायला पाहिजेत, एक आधी एक नंतर असं होत असेल तर आजच सोडून द्या. मिटल्यावर पाय बॅगेला घट्ट चिकटतात का ते पण बघा, लोंबकळणारे पाय चालताना टकटक करतात आणि बरोबरचा माणूस पट मारत असताना तो आवाज फार मोठा वाटतो. मिटलेले पाय अडकवायला एक छोटी क्लिप किंवा पट्टी असते, गाडीच्या डिकीत टाकताना कामाला येते.

पाय अॅल्युमिनियमचे असतात, महागड्या बॅगांत कार्बन फायबरचे पण मिळतात, वजनात थोडा फरक पडतो. मी मात्र पायांच्या टोकाचं रबर जास्त बघतो, रुंद आणि खरखरीत पाहिजे, गुळगुळीत बारीक टोक ओल्या गवतावर घसरतं. बुडाचं पण तेच, लहान गोल बूड असलेली अगदी हलकी बॅग वाऱ्यात डुलते, आणि बॅग जेवढी हलकी तेवढी वारा तिला लवकर पाडतो, हलकेपणाची ही किंमत मोजावीच लागते. उतारावर तर कुठल्याच बॅगेवर विश्वास ठेवू नका, गुपचूप आडवी ठेवा. माझी एकदा उभी केलेली बॅग मी बॅकस्विंगला (शॉटसाठी क्लब मागे नेत) असताना धाडकन पडली, शॉट कुठे गेला विचारू नका.

कप्पे म्हणजे डिव्हायडर, इथे लोक हमखास फसतात. चौदा कप्पे दिसले की वाटतं वा, प्रत्येक क्लबला आपली खोली. पण प्रत्येक जास्तीचा कप्पा म्हणजे जास्तीचं प्लास्टिक, जास्तीचं कापड, जास्तीचं वजन, आणि तोंड मोठं झालं की बॅग अंगाला जाड लागते. चालायला चार किंवा पाच कप्पे बास झाले. बघायचं ते हे, की कप्प्यांचं कापड खालपर्यंत गेलंय की फक्त वरच्या तोंडाशीच आहे. वरच्यावर असेल तर खाली सगळ्या ग्रिप (क्लबच्या मुठी) एकमेकींत गुंततात, तुम्ही सात नंबरचं आयर्न ओढता आणि सोबत आठ नंबर पण वर येतं. आणि कापड खालपर्यंत असूनही ढिलं असेल तर ग्रिप त्याच्या घडीत अडकते, ते आणखी वाईट. म्हणून सगळे क्लब घालून एकेक ओढून बघा, विशेषतः मधल्या कप्प्यातला. जाड ग्रिपचा पटर असेल तर तो घेऊनच जा, कित्येक बॅगांत तो जातो खरा पण निघत नाही. माझी मांडणी सोपी आहे, लांब क्लब आणि पटर पाठीकडच्या म्हणजे वरच्या कप्प्यात, मधे आयर्न, वेज सगळ्यात खाली पायांकडे, म्हणजे लांब क्लब छोट्यांच्या डोक्यावर आपटत नाहीत.

खिशांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. जितके खिसे तितका कचरा. रिकामा खिसा दिसला की माणूस काहीतरी कोंबतोच, टॉर्चचं उदाहरण वर दिलंच आहे. बॉलला एक, कपड्यांना एक लांब, मोबाइल-किल्ल्यांना आतून मऊ अस्तराचा एक, पाण्याच्या बाटलीला एक आणि टी-ग्लोव्हला एक छोटा, एवढ्यात सगळं भागतं. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) वापरत असाल तर त्याला चुंबकाने बंद होणारा कप्पा सोयीचा, झिपशी झटापट करावी लागत नाही. पाण्याची जागा मात्र नीट बघा, बाटली पट्टा न काढता हाताला लागली पाहिजे आणि शक्यतो पाठीच्या जवळ पाहिजे, कारण लिटरभर पाणी बॅगेच्या बाहेरच्या कडेला लटकलं की अख्खी बॅग तिकडे ओढते आणि मघाशी एवढा जुळवलेला पट्ट्याचा तोल गेला. झिप पण दुकानातच पंधरा-वीस वेळा एका हाताने उघडबंद करा, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात कायम क्लब असतो. बॉलच्या खिशाची झिप अर्धवट उघडी राहिली की काय होतं ते मागे फेअरवेवर पडलेल्या बॉलची रांग बघून कळतं.

पाऊस. इथे दोन शब्दांचा घोळ आहे, पाणी झटकणारं कापड वेगळं आणि वॉटरप्रूफ बॅग वेगळी. पहिल्यात नायलॉन किंवा पॉलिस्टरवर लेप असतो, तुरळक सरी निभावून जातात पण शिवणीतून आणि झिपमधून पाणी आत येतं. दुसऱ्यात शिवणी पण बंद केलेल्या असतात आणि झिप वेगळ्या प्रतीच्या, म्हणून ती बॅग जरा जड आणि महाग. तुम्ही भर पावसात खेळणारे असाल तर घ्या, ओल्या ग्रिप आणि ओला मोबाइल यापेक्षा दोनशे-तीनशे ग्रॅम परवडले. पाऊस दिसला की क्लब हाउस गाठणाऱ्यातले असाल, माझ्यासारखे, तर साधं कापड आणि वर टाकायचं हूड पुरे. फक्त ते हूड स्टँड उघडा असताना आणि पट्टे लावलेले असताना बसतं का ते घरी एकदा करून बघा, पावसात पहिल्यांदा उघडाल तर सूचना वाचेपर्यंत भिजून जाल. आणि भिजलेली बॅग डिकीत ठेवून विसरू नका, तो वास जात नाही.

कधी चालत आणि कधी ट्रॉलीवर असा कारभार असेल तर तुमच्या ट्रॉलीवर ती बॅग बसवूनच घ्या. होतं काय, ट्रॉलीचा खालचा कंस नेमका दुमडणाऱ्या बुडावर दाब देतो आणि पाय आपोआप अर्धे उघडे राहतात, चाकाला लागतात, आणि रोज तसं झालं की सळई वाकलीच म्हणून समजा. काही बॅगांना यासाठी खाली खाच आणि ट्रॉलीचा पट्टा ओवायला बोगदा दिलेला असतो, ज्यामुळे पट्टा आवळला तरी खिसे उघडतात.

वापरलेली बॅग मिळत असेल तर घ्यायला काही हरकत नाही, मी माझी आत्ताची बॅग तशीच घेतली. कापडावरचे डाग सोडा, पट्टे जिथे बॅगेला शिवलेत ते टाके बघा, बुडाला चीर गेलीय का बघा, पाय पसरल्यावर बॅग एका बाजूला कलते का बघा, आणि नाक आत घालून वास घ्या. झिप बदलून मिळते, स्टँड दुरुस्त करणारा माणूस शोधायला मात्र दमछाक होते.

रंगाबद्दल एवढंच, फिक्या रंगाची बॅग पहिल्याच चिखलात कळा बदलते, पण उन्हात गडद बॅग जास्त तापते, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. माझ्या नव्या बॅगेचा रंग मला अजिबात आवडत नाही. १.८ किलोची आहे, दुहेरी पट्टा, चार कप्पे, पाच खिसे. दहा क्लब, सहा बॉल, पाऊण लिटर पाणी, एक टॉवेल, एक ग्लोव्ह, थोड्या टी, बास, काट्यावर साधारण पावणेआठ किलो. शेवटच्या होलला पण ती ग्रीनच्या पलीकडे, पुढे जायच्या वाटेवर ठेवायला विसरत नाही, म्हणजे पट झाल्यावर बॅगेसाठी मागे यावं लागत नाही, आणि कुणाच्या चिपच्या (ग्रीनजवळच्या छोट्या शॉटच्या) आड पण येत नाही, तशी २०१९ पासून आपला बॉल चुकून आपल्याच बॅगेला लागला तर दंड नाही म्हणा. ढग दिसले की छत्री मात्र अजून हळूच आत जाते, तेवढा ६०० ग्रॅमचा भित्रेपणा काही सुटत नाही.